मागची माती

८ जानेवारी

सूनबाईनं आज ही वही हातात दिली. म्हणाली, "आई, मनात येईल ते सगळं बोलायलाच हवं असं नाही. थोडं लिहून ठेवत जा." म्हणजे तोंड बंद ठेवा, हे तिनं वहीत गुंडाळून दिलं. हुशार आहे. वही पोराच्या कंपनीची, पुठ्ठ्यावर पाइपचं चित्र. मी शिकले तिसरीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस घरच्या कामाला. तेव्हा अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं येणार. कोणी वाचणार नाही, मग लाज कसली.

घरात चार माणसं. मी, पोरगा, सून आणि नात. नात दुसरीत आहे आणि सगळ्या जगाचं शुद्धलेखन आपल्यावर सोपवलंय असं तिला वाटतं. पोरगा पाण्याच्या पाइपलाइनवर मुकादम. त्याचे वडील याच कामात फिटर होते. मी त्यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं चर खणले, माती वाहिली, धुम्मस मारली. धुम्मस म्हणजे लांब दांडा आणि खाली लोखंडाचं जड बूड. ती उचलायची आणि आपटायची, भरलेली माती घट्ट होईपर्यंत. माझा एक खांदा वर आणि एक खाली आहे तो त्यामुळे. सूनबाईला वाटतं, वयामुळे.

सध्या आमच्याच रस्त्यानं मोठी लाइन चालली आहे. पंपानं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवणार. दिवसभर मशीनची घरघर येते. मला आत बसवत नाही.

१३ जानेवारी

डबा पोचवायचं निमित्त करून कामावर गेले. डबा पोरगा सकाळीच घेऊन गेला होता, हे तिथं गेल्यावर सगळ्यांना कळलं. हसले. हसू देत.

पाइपाला मात्र मी हात लावून बघितला. नात आत बसून अभ्यास करेल एवढा घेर. आमच्या वेळचे पाइप एकटीनं खांद्यावर टाकून न्यायचे मी.

एक फिटर आहे, वजन नव्वद किलो, सगळे त्याला बारीक म्हणतात. त्याच्यासारखा हात मी यांच्यानंतर पाहिला नाही. जोडाला बोट लावून सांगतो, रबर बसलंय की नाही. मला म्हणाला, "आजी, पाइपात जाऊन बघा ना, थंड आहे." मी म्हटलं, "तू जा, तू अडकलास की गळती आपोआप थांबेल."

इंजिनीअरबाईही दिसल्या. तरुण, चष्मा, पायात पुरुषी बूट, बोलणं मोजकं. मला नमस्कार केला आणि आपल्या कामाला लागल्या. अशी माणसं मला आवडतात, पण तसं तोंडावर सांगायची सवय नाही.

इस्त्रीवाल्याच्या दुकानापाशी रस्ता काटकोनात वळतो, तिथं पाइपही वळणार. यांनी मला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. पाण्याला वळता येत नाही. ते सरळ जायला बघतं आणि वळणावर पाइपाला बाहेर रेटतं. पाइप फुटत नाही, जोडातून निसटतो. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला काँक्रीटचा ठोकळा घालायचा. पाइप ठोकळ्याला टेकतो, ठोकळा मागच्या मातीला. एवढं मला कळतं. शाळेत गेले असते तर यापेक्षा जास्त काय कळलं असतं कोण जाणे.

१९ जानेवारी

संध्याकाळी पोरगा आला तो बूट न काढताच उभा राहिला. म्हटलं काहीतरी बिनसलंय.

"आई, मशीनवाल्यानं वळणाच्या मागं दीड हात जास्त खणलं. ठोकळ्याची पाठ मातीला टेकतच नाही, मधे पोकळी राहतेय."

"मग?"

"काँक्रीटची गाडी परवा सकाळी यायची आहे. बाई पंपाकडच्या टोकाला गेल्यात, दोन दिवस इकडे नाहीत. एक तर ती सगळी पोकळी काँक्रीटनंच भरायची, म्हणजे आणखी एक गाडी आणि काम दोन दिवस मागं. नाहीतर..."

"नाहीतर काय? माती भर. वीतवीत जाडीचा थर टाक, पाणी मार, धुम्मस मार, मग वरचा थर. आम्ही शंभरदा केलंय. तुझ्या बापाचा एक तरी ठोकळा हललेला ऐकलास?"

"आई, हा पाइप मोठा आहे."

"पाइप मोठा आहे म्हणून माती बदलते का? धुम्मस मारायचा कंटाळा आला म्हण सरळ."

सूनबाईनं आतून भांडं जरा जोरात ठेवलं. मी लक्ष दिलं नाही. पोरानं बूट काढले. म्हणाला, "तू सकाळी येशील का बघायला?"

अजून विचारतो मला. बरं वाटलं. लपवून काय करू, वहीच आहे ही.

२० जानेवारी

सकाळी गेले. चार थर भरले. धुम्मस बारीकनं मारली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक थर झाला की मी शिडीनं उतरून टाच मारून बघायची. घट्ट माती टाचेला उलट ठोसा देते, सैल माती गिळते. तिसरा थर मी परत ठोकायला लावला. बारीक घामानं निथळत होता. म्हणाला, "आजी, आता माझी पाठ पण टाच मारून बघा, बसलीय की नाही." सगळे हसले, पोरगा पण.

चौथ्या थराला टाच मारली तेव्हा गुडघ्यापर्यंत कळ गेली. म्हटलं, झालं.

२१ जानेवारी

काँक्रीट पडलं. ठोकळा छान झाला. माणसाच्या छातीएवढा उंच.

३० जानेवारी

दाढ दुखते. नातीनं वहीचं एक पान बघितलं आणि अकरा चुका काढल्या. तिला म्हटलं, तुझ्या बापाच्या परीक्षेत मी तेरा काढल्या होत्या. खोटंच.

इंजिनीअरबाई आज वळणावर आल्या. ठोकळा बघून पोराला विचारलं, "मागं कोरी माती आहे ना?" पोरानं हो म्हटलं. मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, बरोबरच बोललास, मातीच आहे. कोरी म्हणजे काय, माती काय लुगडं आहे घडी मोडायला?

१२ फेब्रुवारी

लिहायला हात बसत नाही, तरी लिहिते.

आज लाइनची चाचणी होती. पाइप पाण्यानं भरून पंपानं दाब चढवायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. चर अजून बुजवलेला नाही, जोड उघडे ठेवतात, गळती दिसावी म्हणून. मी इस्त्रीवाल्याच्या पायरीवर होते. दाब चढवताना चरात कोणी उतरायचं नाही, हा नियम माझ्या वेळीही होता.

काटा आठवर आला तेव्हा वळणापाशी जोडाला पाणी सुटलं. थेंब थेंब. बारीक म्हणाला, "एक पीळ देतो, बस होतं," आणि पाना घेऊन उडी मारली. पोरगा ओरडला, "उतरू नको! आधी दाब उतरू दे!" तो ओरडेपर्यंत हा खाली.

आवाज मोठा नव्हता. जड कपाट फरशीवर सरकवतात तसा. ठोकळा वीतभर मागं गेला, वळण त्याच्याबरोबर गेलं, जोड उघडला आणि पाण्याची भिंत उभी राहिली. इस्त्रीवाल्याच्या दुकानातले कपडे रस्त्यावर वाहत आले. बारीक पाइप आणि चराच्या भिंतीच्या मधे होता. पोरानं पंप बंद केला, गळ्यापर्यंतच्या पाण्यात उतरला आणि त्याचं डोकं धरून ठेवलं, पाणी ओसरेपर्यंत.

डावा पाय गेला. गुडघ्याच्या खाली कापला.

१३ फेब्रुवारी

काँक्रीट हलकं होतं. सिमेंटमध्ये हल्ली निम्मी राख असते. नाहीतर मशीनवाला, त्यानं जास्त खणलंच का? आणि ती इंजिनीअरबाई, दोन दिवस गायब. हे सगळं सांगायला गेले तर पोरगा म्हणाला, "आई, पुरे." एवढंच. काल संध्याकाळपासून त्यानं माझ्याकडे पाहिलेलं नाही. आपल्या देखरेखीखाली झालं याची शरम वाटत असणार. वाटायलाच हवी.

१७ फेब्रुवारी

इस्पितळात गेले. आठ खाटांची खोली, सगळ्या खिडक्या एकाच अंगाला. बारीक उशीला टेकून बसला होता. पाच दिवसांत खरोखर बारीक दिसायला लागलाय.

"आजी, एक बूट फुकट गेला बघा. नवाच होता."

"दुसऱ्या पायाला घाल आलटून पालटून."

हसला. त्याची बायको रडत होती, तिला चहा आणायला पाठवलं मी, रडणाऱ्या माणसासमोर मला बोलता येत नाही.

ती गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आजी, मी कुणाला काही बोललो नाही हां. त्या सकाळचं."

"कुठल्या सकाळचं?"

तो भिंतीकडे बघायला लागला. म्हणाला, "काही नाही. दादांनी पण सांगितलंय, काही बोलायचं नाही." दादा म्हणजे माझा पोरगा. औषधाच्या गुंगीत असेल. मी निघताना म्हणाला, इंजिनीअरबाई येऊन गेल्या, बरं वाटलं की स्टोअरमध्ये बसायचं काम देणार म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

इंजिनीअरबाई घरी आल्या. मी स्वयंपाकघरात होते, पण कान शाबूत आहेत.

"ठोकळा उकरून बघितला मी," त्या म्हणाल्या. "मागं दीड हात भराव आहे. तुम्ही मला कोरी माती म्हणालात."

"चूक झाली," पोरगा म्हणाला.

"भरायचं कुणी ठरवलं?"

"मी."

खोटं बोलतो! मला राहवलं नाही. पदराला हात पुसत बाहेर आले. "अहो बाई, भरलं म्हणून काय झालं? आम्ही शेकडो वेळा भरलंय. माझ्या मालकांचा एक ठोकळा हलला नाही कधी. तुमच्या सिमेंटचं बघा आधी."

बाईंनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. "आजी, केवढा पाइप असायचा तुमचा?"

"चार इंची. क्वचित सहा."

"पाणी कुठून यायचं?"

"उंच टाकीतून, उतारानं. पंप कुठला."

वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी आकडे मांडले. मला आकडे कळत नाहीत, म्हणून पोत्यांत सांगितलं. "तुमच्या वळणावर पाणी तीन पोत्यांच्या जोरानं रेटायचं. तेवढं ठोकलेली माती धरते. पाइपाचा घेर वाढतो तसा जोर दुपटीनं नाही, कितीतरी पटींनी वाढतो, वर पंपाचा दाब. या वळणावर त्या दिवशी पंचेचाळीस टन पडणार होते. भरलेले चार ट्रक एका ठोकळ्याला ढकलतायत असं समजा."

"माती चांगली ठोकली असेल तर..."

"कितीही ठोका, भरलेली माती दबतेच. कोरी म्हणजे जिला कधी कुदळ लागली नाही ती. ती आपल्याच भारानं पिढ्यान्‌पिढ्या दबून बसलेली असते. एकदा उकरली की ती पुन्हा कोरी करता येत नाही. जास्त खणलं गेलं तर मधे फक्त काँक्रीट, कोऱ्या मातीला भिडेपर्यंत."

मी पोराकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, आत जा. चहा टाक."

आजवर त्यानं मला आत जायला सांगितलं नव्हतं. गेले. दूध उतू गेलं, ते बघत उभी राहिले.

२१ फेब्रुवारी

वही मागं उलटली. १९ जानेवारीचं पान वाचलं. मग २० चं.

त्यानं विचारलं ते पुरतं विचारूही दिलं नाही मी.

बारीक गुंगीत नव्हता.

सूनबाईला म्हटलं, तुला माहीत होतं. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "मी त्या दिवशी भांडं आपटलं होतं." मग म्हणाली, "तुम्ही आता काही बोलू नका. त्यांनी ठरवलंय, तुमचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही."

मला पाठीशी घालतोय. माझ्या पाठीवर कुणी हात ठेवावा असं वय असताना कुणी ठेवला नाही, आणि आता हे.

२४ फेब्रुवारी

ठेकेदार साहेब आले. येताना टाइप केलेला कागद घेऊन आले. तीन दिवसांनी चौकशी आहे. मी पोरासमोरच बसून राहिले, उठले नाही. साहेबांना वाटलं, म्हातारीला काय कळतंय.

"भराव होता हे आता लपत नाही," साहेब म्हणाले. "पण नीट ठोकला असता तर धरला असता. फिटरनं धुम्मस नीट मारली नाही, कामात कुचराई केली, एवढंच लिहिलंय. सही कर. तू मुकादम राहशील."

"त्याचा पाय गेलाय, साहेब."

"तेच म्हणतो. पाय तर गेलाच आहे. आणखी काय जाणार त्याचं?"

जाणार काय ते मला माहीत आहे. कुचराई केली असं एकदा कागदावर आलं की स्टोअरची खुर्ची गेली. आणि त्याच्या हाताचं नाव गेलं. माणूस जिवंत असून त्याचा हात गेला.

पोरानं कागद घेतला. सही केली नाही, फाडलाही नाही. घडी करून कपाटात ठेवला.

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "सही करायची नाही."

"मग काय सांगू तिथं? आईनं सांगितलं म्हणून भरलं? मुकादम आहे मी, का शेंबडं पोर?"

"जे झालं ते सांगायचं. हसले तर हसले."

"तुझं बरं आहे," तो म्हणाला. "तू नेहमी बोलून मोकळी होतेस."

२७ फेब्रुवारी

चौकशीला गेले. बोलावलं कुणी नव्हतं. लांब टेबल, मागं तीन माणसं, छताला पंखा, तो फिरताना एका बाजूला झुकत होता. दारापाशी बाकावर बारीकची बायको, तिच्याशेजारी मी. वही पिशवीत.

पोरगा म्हणाला, भराव टाकायचा निर्णय माझा. बाईंना खोटं सांगितलं ते मीच. चाचणीच्या वेळी फिटर उतरला तो माझ्या हुकमाविरुद्ध, पण त्याला लांब ठेवणं माझं काम होतं. इतकं नीट बोलला की मला वाटलं संपलं आता.

मग मधल्या साहेबांनी विचारलं, "भराव ठोकला कुणी? फिटरनंच ना? नीट ठोकला होता का?"

पोरगा गप्प. ठेकेदार साहेब त्याच्याकडे बघत होते. पंखा फिरत होता. मी मनात आकडे मोजले, मला वीसपर्यंत पटकन मोजता येतात. वीस झाले तरी गप्प.

मी उठले. "मी सांगते. ठोकला होता नीट. चारही थर मी टाच मारून बघितले. तिसरा परत ठोकायला लावला, तोही मीच. ठोकण्यात खोट नव्हती. भरायला सांगितलं तेच चूक होतं, आणि ते मी सांगितलं."

"तुम्ही कोण?"

"याची आई."

हसले. एक जण पाणी पिता पिता हसला. मी वही काढली आणि १९ तारखेचं पान मोठ्यानं वाचलं. मग २० चं. वाचताना अडखळले, धुम्मस लिहिताना मी 'ध' वेगळाच काढलाय. "माझी पाठ पण टाच मारून बघा" हे आलं तेव्हा बारीकच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. मग कुणी हसलं नाही.

मधल्या साहेबांनी ती दोन पानं हवीत म्हणून सांगितलं. फाडून दिली. वहीला आता मधे फट पडली आहे. मी परत लिहून काढणार नाही.

घरी येताना पोरगा चार पावलं पुढं चालला होता.

५ मार्च

निकाल आला. सोबत माझी दोन पानंही परत आली, ती वहीत खोचून ठेवली. बारीकच्या नावावर काही नाही, त्याची स्टोअरची खुर्ची पक्की. बाईंना ताकीद, स्वतः बघितलं नाही म्हणून. त्यांनी ती निमूट घेतली म्हणे. पोराला एक वर्ष मुकादमी नाही, साध्या फिटरचं काम करायचं, नव्या मुकादमाच्या हाताखाली. ते वळण पुन्हा बांधायचं.

पोरगा माझ्याशी बोलत नाही. नातीमार्फत निरोप देतो. "आजीला सांग, औषध टेबलावर आहे." सगळ्यांसमोर हसले, ते त्याला लागलं असणार.

सूनबाईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "हसले म्हणून नाही, आई. तुम्ही त्यांना बोलू दिलं नाहीत."

"तो कुठं बोलत होता? वीस आकडे मोजले मी."

"बारीकभाऊजींच्या बायकोनं पाहिलं. यांनी खुर्ची मागं सरकवली होती. उठत होते ते."

"खुर्ची तर माणूस लघवीला जायला पण सरकवतो."

"असेल," ती म्हणाली. "आता कुणालाच कळणार नाही ते."

भाजी चिरत होते. बोट कापलं. फार नाही.

१६ मार्च

इस्त्रीवाल्यापाशी पुन्हा चाचणी झाली. मी रस्त्याच्या पलीकडून बघितली. या वेळी तिथं ठोकळाच नाही. सगळा कोपरा उकरलेला, टेकायला कोरं काही उरलेलंच नाही.

बारीक कुबड्यांवर माझ्याशेजारी उभा होता, स्टोअरच्या किल्ल्या गळ्यात. त्यानं समजावलं. हे जोड कुलूपवाले आहेत. एक पाइप दुसऱ्यात घातला की आतली कडी अडकते, ओढून निघत नाही. वळणाच्या दोन्ही अंगांना सात-सात पाइप असे एकमेकांत अडकवलेत आणि वर माती भरली. वळण जाऊ बघेल तर चौदा पाइप ओढून न्यायला हवेत, आणि त्या चौदांना अंगाभोवतीची माती धरून आहे.

"म्हणजे भरलेली मातीच की," मी म्हटलं.

"रेटायला नाही, आजी. चिकटून राहायला. त्याला चालते."

बोल्ट आवळणाऱ्यांत माझा पोरगा होता. काटा दहावर दोन तास थांबला. बाईंनी माप घेतलं, वळण चार मिलिमीटर सरकलं होतं. मी बारीकची कुबडी धरली. बाई म्हणाल्या, एवढं सरकतंच, कडी ताणली गेल्याशिवाय धरत नाही.

चरात कोणी नव्हतं. मी दोनदा मोजून घेतलं.

२४ मार्च

लाइन पुढं शाळेच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं दुसरं वळण. तिथली जमीन चांगली, म्हणून ठोकळाच घालायचा ठरलाय. सकाळी नातीला शाळेत सोडून येताना मी वाकून बघितलं.

मागं हातभर जास्त खणलेलं. आणि दोन माणसं त्यात माती टाकत होती.

नवा मुकादम दाढीवाला, नेहमी घाईत. म्हटलं, "हे काय?" म्हणाला, "जरा जास्त गेलं, आजी. ठोकून घेतोय. तुमचं ते पहिलं वळण मोठं होतं, हे काय, अर्धंच वळतंय." बाई दिसत नव्हत्या. माझा पोरगा पुढच्या जोडापाशी पाना घेऊन मान खाली घालून बसला होता. त्यानं बघितलं होतं. कान लाल झाले होते त्याचे, लहानपणापासून होतात.

तोंड उघडलं मी. काय काय आलं होतं तोंडात, नव्या मुकादमाला आजा आठवला असता. मग मिटलं.

शिडी लावलेलीच होती. उतरले आणि त्या ओल्या भरावावर जाऊन बसले. मांडी घालून.

"आजी, उठा. काँक्रीटची गाडी येईल."

मी गप्प.

"आजी, लागेल तुम्हाला. अहो, कोणीतरी उठवा यांना."

कुणी पुढं आलं नाही. कामावरची सगळी माणसं पहिल्या वळणावर होती त्या दिवशी. वरून शाळेची पोरं भिंतीवर हनुवटी टेकून बघत होती. ओल वर चढत होती, कंबर धरली. किती वेळ गेला सांगता येत नाही, आकडे मोजले नाहीत या वेळी.

शेवटी दाढीवाला माझ्या पोराला म्हणाला, "तुझी आई आहे ना? सांग की तिला."

पोरानं पाना खाली ठेवला. उठला.

"तिला काय सांगू?" तो म्हणाला. "भराव काढ. सगळा. कोरी माती लागेपर्यंत. मधे काँक्रीट जाईल, दुसरं काही जाणार नाही. बाईंना तू फोन लावतोस की मी लावू?"

"तू मुकादम नाहीस आता."

"नाही. म्हणून तर फोन लावतो म्हटलं."

दाढीवाल्यानं फोन लावला. बाई अर्ध्या तासात आल्या, खड्ड्यात वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरी गाडी मागवली.

मग उठायला गेले तर गुडघे आखडलेले. पोरगा खाली उतरला. काखेत हात घालून मला उचललं, शिडीवर ठेवलं, मागून धरून वर आणलं. धापा टाकत होता.

"वजन वाढलंय तुझं," म्हणाला.

पंचवीस दिवसांनी बोलला.

मी म्हटलं, "हात सोड आता, आणि गाडी लवकर येतेय का बघ."